सहा कैदी, एक जेलर आणि मागे राहिलेलं औंध

१९५८ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते फ्रँक काप्रा. त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, इंगमार बर्गमन यांच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ला मिळालं. एका बेडीत जखडलेल्या दोन फरारी कैद्यांची गोष्ट सांगणाऱ्या ‘द डिफायंट वन्स’साठी सिडनी पॉइटिए उत्कृष्ट अभिनेता ठरले. आणि परीक्षकांचं विशेष पारितोषिक म्हणून रौप्य अस्वल मिळालं व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला. अमेरिकेत गोल्डन ग्लोबचं परदेशी चित्रपटांसाठीचं सॅम्युअल गोल्डविन पारितोषिकही पुढे त्याला मिळालं. आपल्याकडे १९५७ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्याच्या वाट्याला आलंच.

या मानसन्मानांत एका वस्तीचं नाव कुठेच येत नाही. ती वस्ती म्हणजे आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. आज ती सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा औंध संस्थानात होती. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांना तटबंदीशिवाय ठेवायचं, त्यांच्या हाती जमीन द्यायची आणि त्यांनी तिथेच कसून खायचं, असा प्रयोग औंध संस्थानाने १९३९ च्या सुमारास तिथे केला. त्यावरून चित्रपटाची कथा-पटकथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. गदिमाही याच संस्थानचे. शेटफळ्यात जन्म, माडगुळे हे गाव आणि शाळा कुंडल-औंधची. प्रयोग औंधचा, त्यावर लिहिणारा लेखक औंधचा. जग पाहून आला तो मात्र चित्रपट.

मी याच भागातला. शाळेच्या पटांगणात, ताणून बांधलेल्या पांढऱ्या कापडावर हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला. भरत व्यासांनी लिहिलेली आणि वसंत देसाईंनी चाल दिलेली त्यातली प्रार्थना आम्हा मुलांना आधीच पाठ होती, कारण शाळा रोज तिनेच भरायची. पुढे चित्रपटांविषयी लिहू-बोलू लागलो, देशोदेशीचे चित्रपट पाहिले आणि औंध-आटपाडीकडे जाणं-येणंही चालू राहिलं. या दोन वाटा मनात एकमेकींजवळ येत गेल्या तसा एक प्रश्न मला सोडेनासा झाला. मोजक्या माणसांची, अगदी जवळून पाहिलेली गोष्ट जेव्हा परमुलखात पोचते आणि तिथल्या माणसांना आपली वाटते, तेव्हा ती आपल्या गावातून काय बरोबर घेऊन जाते आणि काय मागे ठेवते? या प्रश्नाचं उत्तर शोधायला औंधइतकी योग्य जागा मला दुसरी माहीत नाही.

औंध सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आहे. डोंगरावर यमाईचं ठाणं, आणि डोंगरावरच श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. हे संग्रहालय १९३८ मध्ये उभं केलं ते औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तन करत, आणि सूर्यनमस्काराचा प्रसार हे तर त्यांचं जन्माचं व्रत होतं. संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची आई आणि मूल ही कृतीही आहे. खटावच्या माळावर, दुष्काळाची सवय असलेल्या मुलखात या वस्तू पाहताना मनावर ठसते ती या राजाची जिज्ञासा. जगात जे चांगलं घडतंय ते माझ्या रयतेलाही पाहता आलं पाहिजे, असं त्याला वाटत होतं. नंतर त्याने जे केलं त्याचं मूळ मला याच वाटण्यात दिसतं.

औंध संस्थान लहान होतं आणि तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं होतं. औंधचा भाग एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला. सगळी मिळून सत्तरेक गावं. एवढ्याशा संस्थानाने जानेवारी १९३९ मध्ये स्वतःची राज्यघटना जाहीर केली आणि राजाने आपले अधिकार प्रजेच्या हाती दिले. विलायतेत शिकून आलेले युवराज अप्पासाहेब पंत आणि त्यांचे स्नेही मॉरिस फ्रीडमन यांनी या घटनेसाठी खपून काम केलं. फ्रीडमन हे वॉर्सात वाढलेले पोलिश ज्यू अभियंते. बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यातून ते औंधकडे वळले आणि भारतानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. घटनेचा मसुदा घेऊन ही मंडळी गांधीजींकडे सेवाग्रामला गेली आणि त्यांच्या सल्ल्याने तो पक्का झाला. राज्यकारभाराचा पाया गावपंचायत ठरली. गावातल्या तंट्यांचा निवाडासुद्धा गावानेच करायचा होता.

स्वतंत्रपुराची कल्पना या मातीत रुजली. तिच्यामागे फ्रीडमन यांचं नाव घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. पण ती एकाएकी उगवली नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासाठी जागा देताना याच राजाने एका धडपडणाऱ्या माणसावर भरवसा टाकला होता. आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना किर्लोस्करांनी तिथे वसवलेल्या वाडीच्या राखणीला ठेवल्याची हकिकत आमच्याकडे अजून सांगितली जाते. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही त्याच्यावर आधी विश्वास ठेवून पाहायचा, ही रीत या मुलखात मुरलेली होती. गावाचा निवाडा गावाकडे सोपवणारं राज्य कैद्याचा पहारा कैद्याकडेच सोपवायला तयार झालं, याचं मला आश्चर्य वाटत नाही. दोन्हींमागे विचार एकच होता.

आता व्ही. शांताराम यांच्याकडे वळतो. १९०१ मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या या माणसाने बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत चित्रपट शिकून घेतला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकाराच्या पायी जमिनीला मुकलेला तरुण शेतकरी त्यांनीच उभा केला होता. १९२९ मध्ये कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी प्रभात काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. १९४२ मध्ये मुंबईत त्यांचं स्वतःचं राजकमल कलामंदिर उभं राहिलं. भव्य देखावे, नृत्य, रंग, यंत्रांची करामत यांचं त्यांना आयुष्यभर वेड होतं आणि प्रेक्षकांनी त्यासाठी त्यांच्यावर प्रेमही केलं.

पण या कारकिर्दीत एक दुसरा, बारीक धारेचा प्रवाह आहे आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. १९३७ च्या ‘कुंकू’त एक घर आहे आणि म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न नाकारणारी एक मुलगी आहे. १९३९ च्या ‘माणूस’मध्ये एक पोलीस शिपाई आहे आणि धाडीच्या वेळी त्याने वाचवलेली एक वेश्या आहे. १९४१ च्या ‘शेजारी’त एका गावातले दोन म्हातारे मित्र आहेत, एक हिंदू आणि एक मुसलमान. या चित्रपटांत शांताराम माणसं कमी करत जातात आणि उरलेल्यांकडे अधिक वेळ पाहत राहतात. ‘माणूस’चा शिपाई तर मला पुढच्या जेलरचा थोरला भाऊच वाटतो. अंगावर सरकारी गणवेश, आत चारचौघांसारखा माणूस, आणि या दोघांचं आपसात कसं जमायचं हा पेच. ज्या वर्षी औंधने घटना दिली त्याच वर्षी पुण्यात शांताराम गणवेशातला माणूस शोधत होते. दोघांची तेव्हा गाठ पडलेली नव्हती, पण त्यांचे प्रश्न शेजारी-शेजारी होते.

१९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ आला. रंगांनी आणि नृत्यांनी भरलेल्या त्या चित्रपटाला अमाप यश मिळालं. असं यश मिळाल्यावर दिग्दर्शक साधारणतः त्याहून मोठं काहीतरी करायला जातो. शांतारामांनी त्यानंतर केला तो कृष्णधवल ‘दो आँखें बारह हाथ’. आदिनाथ नावाचा तरुण जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन एका पडीक माळावर जातो. माळ फोडायचा, पिकवायचा, पिकवलेलं बाजारात नेऊन सरळ भावाने विकायचं, एवढीच गोष्ट. स्त्रीपात्र ठळक असं एकच, संध्या यांनी केलेली खेळणी विकणारी चंपा. जेलरचं काम शांतारामांनी स्वतः केलं. बैलाबरोबरच्या झटापटीचं दृश्य चित्रित करताना त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि काही काळ त्यांची दृष्टी गेली. ज्या चित्रपटाच्या नावातच डोळे आहेत त्याची किंमत दिग्दर्शकाने डोळ्यांनीच मोजली. त्या अंधारातल्या दिवसांतूनच ‘नवरंग’ची कल्पना आली, असं त्यांनी त्या पुढच्या चित्रपटाच्या आरंभी सांगितलं आहे.

हा चित्रपट बर्लिनमध्ये का पोचला याचा विचार मी अनेकदा केला आहे. त्यातला अभिनय आजच्या नजरेला ठळक, कधीकधी ओरडून केल्यासारखा वाटतो. प्रतीकंही लपवलेली नाहीत. पण गोष्ट समजायला भाषा फारशी लागत नाही. हात माती फोडतात, पाऊस येतो, पीक उगवतं, आणि पळून गेलेले कैदी आपल्या पाठीवरची नजर सहन न होऊन परत येतात. ज्या शहरात हा चित्रपट दाखवला गेला ते शहर महायुद्ध संपून तेरा वर्षं झाली तरी अपराध, शिक्षा आणि पुन्हा विश्वास ठेवण्याच्या प्रश्नांतून बाहेर आलेलं नव्हतं. हातून रक्त सांडलेल्या माणसाला पुन्हा माणसांत घेता येतं का, हा प्रश्न त्या प्रेक्षागृहातल्या अनेकांच्या घरातला असणार. माणदेशातल्या सहा कैद्यांकडे त्यांनी परके म्हणून पाहिलं नसेल असं मला वाटतं. जिव्हाळ्याच्या चित्रपटाचं खरं सामर्थ्य इथे कळतं. पाहणाऱ्याला तो आपली माहिती विचारत नाही, आपला अनुभव विचारतो.

मग मागे काय राहिलं?

पहिली मागे राहिली ती राजाची सही. चित्रपटात एक सज्जन जेलर आपल्या हिमतीवर प्रयोग करतो आणि वरिष्ठ तो कसाबसा मान्य करतात. औंधमध्ये उलट घडलं होतं. तिथे सत्ता हाती असणाऱ्यानेच सत्ता सोडायचं ठरवलं आणि तुरुंगाची भिंत हटवणं हा त्या मोठ्या सोडण्याचा एक भाग होता. एका माणसाच्या चांगुलपणाची गोष्ट जगाला सांगितली गेली. एका राज्याच्या चांगुलपणाची गोष्ट घरीच राहिली.

दुसरी गोष्ट कैद्यांच्या घरांची. चित्रपटात ही घरं कथेच्या कडेला आहेत. मध्यभागी जेलर आणि सहा पुरुष. स्वतंत्रपुरात कैद्याने बायकामुलांसह राहावं, हाच तर योजनेचा गाभा. गुन्हा करणाऱ्याबरोबर त्याच्या घराचीही शिक्षा चालू असते, आणि तो सुधारायचा तर घरासकट उभा राहिला पाहिजे, हे ज्यांनी ओळखलं त्यांची समज मला विलक्षण वाटते. त्या घरांतल्या बायकांनी काय सोसलं असेल? गावाने खुन्याची बायको म्हणून बाजूला टाकलेल्या बाईने परक्या मुलखात येऊन पुन्हा चूल मांडली, मुलांना शाळेत घातलं, नवऱ्याबरोबर दगडगोटे वेचले. स्वतंत्रपूर त्यांच्याही बळावर टिकलं. बर्लिनपर्यंत त्या पोचल्या नाहीत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्रपटाच्या शेवटी जेलर मरतो आणि त्याचे डोळे आकाशातून कैद्यांवर लक्ष ठेवून राहतात. पडद्यावर ते दृश्य मनाला भिडतं. पण स्वतंत्रपूर कुणाच्या डोळ्यांवर अवलंबून राहिलं नाही. मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. बाळासाहेब १९५१ मध्ये गेले, अप्पासाहेब परराष्ट्र सेवेत दूरदेशी गेले, फ्रीडमन आपल्या अध्यात्माच्या वाटेने गेले आणि पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची इंग्रजीत शब्दबद्ध झालेली संभाषणं त्यांच्या हातून जगापुढे आली. संस्थापकांपैकी कुणी उरलं नाही आणि तरी वसाहत उरली. आज ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे खुली वसाहत म्हणून आहे. येरवडा आणि पैठणसारख्या ठिकाणी खुली कारागृहं पुढे आली. संपूर्णानंदांच्या पुढाकाराने उत्तर प्रदेशातही असे प्रयोग झाले. विश्वास हा एखाद्या भल्या माणसाचा स्वभाव न राहता सरकारी नियमात आला, जमिनीच्या नोंदीत आला, दरवर्षीच्या तरतुदीत आला. हे काम नीरस दिसतं. मला मात्र ते आकाशातल्या डोळ्यांइतकंच थोर वाटतं.

औंधहून वडूज-मायणी मागे टाकून आटपाडीकडे जाताना मुलूख कोरडा होत जातो. अलीकडे टेंभू योजनेचं पाणी पोचल्यापासून तिकडे हिरवे पट्टे दिसू लागले आहेत, डाळिंबाच्या बागा आहेत. पण स्वतंत्रपूर वसवलं तेव्हा तिथे काय होतं याचा अंदाज आजही उघड्या माळांवरून येतो. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती साधी शेतवस्ती वाटावी. तिथे थांबलो की मला चित्रपटातली दृश्यं आठवत नाहीत. मनात येतात ते प्रश्न व्यवहाराचे असतात. पहिल्या रात्री पहारा कुणी दिला असेल? शेजारच्या गावकऱ्यांची समजूत कुणी घातली असेल? पहिलं बियाणं कुणाच्या नावावर उचललं असेल? या प्रश्नांतही नाट्य आहे, पण ते चेहऱ्यावर दिसणारं नाट्य नाही, म्हणून कॅमेऱ्याला ते अवघड जातं.

याचा दोष मी शांतारामांना देत नाही. दोन-अडीच तासांच्या चित्रपटाने काय पेलावं यालाही मर्यादा असते, आणि तो चित्रपट नसता तर स्वतंत्रपूर हे नाव कारागृह खात्याच्या अहवालाबाहेर किती जणांना माहीत झालं असतं? माणसाला जवळून दाखवायचं तर त्याच्याभोवतीचं बरंच काही अंधुक करावं लागतं. तरीही व्यवस्था अंधुक न होऊ देता माणूस जवळून दाखवता येतो का, हा प्रश्न उरतोच. याचं एक उत्तर आमच्याच भागातून आलं आहे. गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची, आणि अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला तो १९९५ मध्ये. धनगरांच्या वाडीवर संस्थानने धाडलेला कोवळा मास्तर, त्याची शाळा, वाडीने उभी केलेली तालीम, तिच्यासाठी आलेले पंतप्रतिनिधी, आणि शेवटी दुष्काळाने पांगलेली वाडी. इथे औंधचं राज्य वाडीच्या अंगणातून दिसतं. राजा घटकाभर येऊन जातो, मास्तर रोज शाळा उघडतो, आणि दोघांमधलं अंतर आपल्याला उमगतं.

दुसरं उत्तर मला चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये सापडलं. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात होरायझन्स विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि पदार्पणासाठीचा ‘लायन ऑफ द फ्युचर’ हा सन्मान, असे दोन्ही मान त्याला मिळाले. पुढे राष्ट्रीय पुरस्कारांतही तो सर्वोत्कृष्ट ठरला. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराला गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा आरोप असलेल्या लोकशाहिराचा मुंबईतल्या न्यायालयातला खटला हा त्याचा विषय. वीरा साथीदार यांनी तो शाहीर केला. ताम्हाणे कॅमेरा लांब ठेवतात आणि हलवत नाहीत. तारखा पडत राहतात. मग न्यायालय सुटल्यावर आपण सरकारी वकील बाईंबरोबर त्यांच्या घरी जातो, स्वयंपाक पाहतो. बचावाच्या वकिलाबरोबर त्याच्या एकटेपणात जातो. न्यायाधीशांबरोबर त्यांच्या सुट्टीच्या सहलीला जातो. गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेल्या त्या वकील बाई दुष्ट नाहीत. दिवसभर दमून घरी येणारी, मुलांचं जेवण पाहणारी ती आपल्या ओळखीची बाई आहे. आणि हीच बाई दुसऱ्या दिवशी शाहिराला आणखी तुरुंगात ठेवा म्हणून मागणी करते.

माझ्या दृष्टीने ‘कोर्ट’ म्हणजे ‘दो आँखें’चा दुसरा अर्धा भाग आहे. एकात चांगला माणूस व्यवस्थेवर मात करतो. दुसऱ्यात साधी माणसंच मिळून निष्ठुर व्यवस्था होतात. दोन्ही चित्रपट मराठी माणसांनी केले, दोन्ही गुन्हा आणि शिक्षा यांच्याविषयी आहेत, दोन्ही युरोपातल्या महोत्सवांतून जगापुढे गेले. तरुण मंडळींबरोबर मी हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले आहेत. ‘दो आँखें’ संपल्यावर मुलं हळवी होतात आणि जेलरविषयी बोलतात. ‘कोर्ट’ संपल्यावर आधी गप्प बसतात आणि मग स्वतःच्या घरातल्या, ओळखीतल्या नोकरदारांविषयी बोलतात. या दोन चर्चा एकत्र झाल्या की स्वतंत्रपुराचा अर्थ त्यांना नीट कळतो. साधी माणसं मिळून व्यवस्था निष्ठुर करू शकतात, तर साधी माणसं मिळून ती दयाळूही करू शकतात. औंधने ते करून दाखवलं होतं.

ताम्हाणे यांचा पुढचा चित्रपट ‘द डिसायपल’, शास्त्रीय गायन शिकणाऱ्या एका तरुणाची गोष्ट. २०२० मध्ये तो व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता; २००१ मधल्या ‘मॉन्सून वेडिंग’नंतर तिथे पोचलेला तो पहिला भारतीय चित्रपट. उत्कृष्ट पटकथेचं पारितोषिक त्याला मिळालं. त्याचा औंधशी थेट संबंध नाही, पण औंधला बसून मला तो हटकून आठवतो. कारण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य अंतूबुवा जोशी औंधच्या दरबारचे गायक होते, आणि अंतूबुवांच्या आध्यात्मिक गुरूंच्या स्मरणार्थ १९४० पासून चालत आलेल्या औंधच्या संगीत महोत्सवात आजही शिष्यांच्या पिढ्या गुरूंच्या आठवणीला हजेरी लावतात. अंतूबुवांचे चिरंजीव गजाननबुवा हे गायक आणि व्हायोलिनवादक म्हणून देशभर गाजले. त्या मांडवात बसून ऐकताना एखादा तरुण गायक आलाप अर्ध्यावर थांबवून समोरच्या वडीलधाऱ्यांकडे पाहतो, ती नजर मी ओळखतो.

‘द डिसायपल’मधला तो तरुण, शरद नेरुळकर, रात्री दुचाकीवरून जाताना कानात माईंचा, म्हणजे आपल्या गुरूंच्या गुरूंचा, आवाज ऐकत असतो. माई कधी पडद्यावर येत नाहीत. ध्वनिफितीतला त्यांचा आवाज फक्त येतो, आणि तो दिला आहे सुमित्रा भावे यांनी. ‘दो आँखें’च्या शेवटी गेलेल्या जेलरचे डोळे, ‘द डिसायपल’मध्ये न दिसणाऱ्या गुरूचा आवाज. शांतारामांच्या कैद्यांना ती नजर उभं करते. शरदला तो आवाज बांधून ठेवतो, त्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षं खाऊन टाकतो. वडीलधाऱ्यांनी आपल्यावर ठेवलेली नजर माणूस घडवते की मोडते, हे नजर ठेवणाऱ्याच्या थोरपणावर ठरत नाही, असं मला या दोन चित्रपटांनी शिकवलं. पुढच्याच्या हाती त्याची म्हणून काही जमीन आहे की नाही, यावर ते ठरतं. स्वतंत्रपुराच्या कैद्याकडे जमीन होती. शरदकडे केवळ दुसऱ्याने आखून दिलेला आदर्श होता.

शांतारामांना १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये ते गेले. त्यांची प्रभात जिथे होती त्या पुण्याच्या जागेत आज चित्रपट शिकवणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या, आणि न शिकता आपल्या हिमतीवर चित्रपट करणाऱ्या प्रत्येकाला जगभरच्या महोत्सवांची ओढ असते. ती ओढ चांगली आहे. मला त्यांना एकच सुचवायचं आहे. जग आपली गोष्ट समजून घेईल की नाही या काळजीने गावाचा तपशील कमी करू नका. शांतारामांना १९५७ मध्ये व्यवस्था बाजूला ठेवून माणूस पुढे आणावा लागला असेल. ‘कोर्ट’नंतर तसं करण्याचं कारण उरलेलं नाही. एखाद्या कचेरीतला कागद, पंचायतीतला ठराव, तारीख पुढे ढकलणारा कारकून, यांच्यातही परक्या प्रेक्षकाला आपलं आयुष्य दिसतं हे आता सिद्ध झालं आहे.

म्हणूनच औंधच्या १९३८-३९ या काळावर चित्रपट व्हावा असं मला मनापासून वाटतं. सत्तरीतला एक चित्रकार राजा, विलायतेहून आलेला त्याचा मुलगा, पोलंडहून आलेला अभियंता, सेवाग्रामचा सल्लागार, आणि सत्ता हाती घ्यायला कचरणारी, घेतल्यावर भांडणारी सत्तरेक गावं. पहिली निवडणूक, पंचायतीपुढचा पहिला तंटा, आणि भिंतीविना तुरुंग काढायचा ठराव आला तेव्हा झालेली चर्चा. त्या चर्चेत विरोध करणारेही असणार, आणि त्यांची भीतीही खरी असणार. बायकामुलांसह स्वतंत्रपुरात उतरलेलं पहिलं कुटुंबही त्या चित्रपटात असावं, बाईच्या नजरेने पाहिलेलं. शांतारामांच्या चित्रपटाने विश्वासाचा चेहरा जगाला दाखवला. विश्वास ठेवण्याचा निर्णय माणसं एकत्र बसून कसा घेतात, हे दाखवायचं काम अजून बाकी आहे, आणि ते औंधच्या मातीतूनच पहिल्यांदा व्हावं.